ई-सहा

हार्लन टीडमनचा उजवा गुडघा
मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्या हाती असतो.
वाकवा, म्हणते. वाकवतो.
दहा मोजा, म्हणते. तो सातावर थांबतो
आणि सांगायला लागतो,
गुडघ्याचं नाही, एकोणीसशे पन्नासच्या ऑगस्टमधल्या
एका चेंडूचं.
(गुडघा वयाचा आहे, युद्धाचा नाही,
हे त्याने पहिल्याच दिवशी बजावलंय.)

नऊ सामने. एकतीसदा बॅटिंग. सात हिट.
महिना दीडशे डॉलर, बसमधली मागची सीट,
आत आईने शिवलेलं बनियन,
कारण संघाचा लोकरी शर्ट टोचायचा.
मग सरकारचं पत्र आलं. सुरुवातच 'नमस्कार' अशी.
"इतक्या अदबीने मला कुणी बोलावलं नव्हतं,"
तो हसतो,
आणि तेवढ्यात मी गुडघा दोन अंश पुढे ढकलते.

मी कराडची. मला क्रिकेट कळतं तेवढंच.
आमच्याकडे झेल सुटला की फलंदाज वाचला, संपलं.
इथे मात्र उंच पेटीत पेन्सिल घेऊन एक जण बसतो
आणि ठरवतो:
हा तुझा फटका, की ही त्याची चूक.
दोन्ही एकदम नाही.
एकाकडे जमा व्हायचं,
नाहीतर दुसऱ्याच्या नावे पडायचं.

चेंडू जमिनीलगत गेला, खड्याला लागून उडाला,
शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हला शिवला
की नुसता वारा घालून गेला.
पेन्सिलीने लिहिलं: ई-सहा.
ई म्हणजे एरर. सहा म्हणजे शॉर्टस्टॉप.
शॉर्टस्टॉप म्हणजे ऑर्विल स्कार,
विस्कॉन्सिनच्या दूधवाल्याचा मुलगा, कान मोठे.
हार्लन पहिल्या बेसवर उभा राहून
पेटीकडे बघत शिव्या देत होता.
त्या शिव्याही तो मला सांगतो. दर खेपेला. क्रमाने.

कोरियाचं सांगत नाही.
एवढंच, की थंडीत बंदुकीचं तेल दह्यासारखं विरजायचं,
आणि एकदा जेवणाच्या रांगेत
पत्र्याची थाळी घेतलेला पुढचा माणूस मागे वळला.
कानांवरून ओळखला.
"तो चेंडू तुझा होता," स्कार म्हणाला,
"देवाशपथ, मला शिवलाही नाही."
रांग पुढे सरकली.
अकरा दिवसांनी स्कारच्या तुकडीतले चौघे परत आले.
तो त्या चौघांत नव्हता.

हार्लनची डाव्या हाताची दोन बोटं बर्फाने ठेवून घेतली.
संघाने विचारलं नाही, याने दाखवली नाहीत.
इथेच, मस्कटीनला, बटणांच्या कारखान्यात लागला.
नदीतला शिंपला यंत्राखाली धरायचा,
बटण निघून गेलं की भोक उरतं,
अगदी बटणाएवढं.
असे शिंपले त्याच्या परसात अजून निघतात,
फावडं मारलं की.

पहिल्याच हिवाळ्यात त्याने लीगच्या कचेरीला पत्र लिहिलं.
मला वाटलं, आठवा हिट मागितला असणार.
आठ झाले तर सरासरी दोनशे अठ्ठावन्न,
आकडा त्याला तोंडपाठ आहे.
पण लिहिलं होतं वेगळंच:
त्या मुलाच्या नावावरची चूक खोडा.
मला हिट द्यायचा नसेल तर नका देऊ,
चेंडू आपोआप गेला असं लिहा.

उत्तर छापील होतं.
स्कोअररचा निर्णय चोवीस तासांत बदलता येतो.
त्यानंतर अंतिम.
खाली कुणीतरी शाईने 'दिलगीर' लिहिलेलं,
सही वाचता येत नव्हती.
पुढे लीगच बंद पडली.
मैदानावर आता टायरचं दुकान आहे.

आज शुक्रवार. बाहेर मिसिसिपी मळकट, तुंबलेली.
वाकवा, म्हणते. दहा मोजा.
पाच. सहा. सात.
थांबला.
"आठ," मी म्हणते.
"तो नाही दिला त्यांनी,"
म्हणतो, आणि पाय हळूच खाली ठेवतो.